ॲलन ट्यूरिंग: अल्प चरित्र

ज्या पुरुषाचे चरित्र ह्या अंकात वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे, त्याचे नाव संगणक शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवरून गेलेले असते. चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक असते. त्याने राज्य मिळविले नाही, संपत्ती जोडली नाही, आणि मरणसमयी त्याच्या कामाचा मोठा भाग सरकारी कुलपात बंद होता. तथापि त्याच्या एका कल्पनेचे फळ आज पालकांच्या खिशात आणि, शाळेचा नियम असूनही, काही विद्यार्थ्यांच्या दप्तरात असते. ती कल्पना समजावयास फारसे गणित लागत नाही. चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढ्या साहित्यावर ती समजते, असा माझा वर्गातील अनुभव आहे. म्हणून हा लेख.

ॲलन मॅथिसन ट्यूरिंग ह्यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन शहरी झाला. परंतु त्यांचे घराणे आईकडून व वडिलांकडून हिंदुस्थानाशी जोडलेले होते. वडील ज्युलियस ट्यूरिंग हे मद्रास इलाख्यात इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे अधिकारी होते. मातोश्री एथेल सारा ह्यांचा जन्म १८८१ साली त्याच इलाख्यातील पोदनूर येथे झाला. त्यांचे वडील एडवर्ड स्टोनी हे मद्रासकडील रेल्वेचे मुख्य एंजिनियर होते. ॲलनचा थोरला भाऊ जॉन हा निलगिरीतील कुन्नूर येथे जन्मला. धाकट्याने मात्र हा देश कधी पाहिला नाही. येथील हवा मुलांस मानवणार नाही ह्या समजुतीने आईबापांनी दोघा मुलांस इंग्लंडात समुद्रकाठच्या एका गावी, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका कर्नलच्या घरी ठेवले, आणि आपण बोटीने नोकरीच्या गावी परतले. जत, आटपाडी, माण ह्या तालुक्यांतून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे आपली मुले वसतिगृहात सोडून जातात, तेव्हा त्या मुलांच्या चेहऱ्यावर काय दिसते हे आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. अधिकाऱ्याच्या मुलास खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण वाट पाहणे तेच.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ॲलनच्या हाती निसर्गातील चमत्कार सांगणारे मुलांचे एक इंग्रजी पुस्तक आले. त्यात शरीर हेही एक यंत्र आहे, फक्त फार गुंतागुंतीचे, असा विचार मांडलेला होता. ह्या पुस्तकाने आपले डोळे उघडले असे ते पुढे सांगत. १९२६ साली त्यास शेरबोर्न येथील शाळेत घातले. शाळा उघडण्याच्या वेळीच इंग्लंडभर सार्वत्रिक संप सुरू झाला व आगगाड्या बंद पडल्या. साउदॅम्प्टन बंदरापासून शाळा सुमारे साठ मैल, म्हणजे साताऱ्याहून पुण्यास जाण्याइतकी लांब. तेरा वर्षांचा हा मुलगा सायकलवर बसला, वाटेत एका खाणावळीत रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झाला.

शाळेत मात्र त्याचे फारसे कौतुक झाले नाही. अक्षर गिचमिड, वहीवर शाईचे डाग, इंग्रजी व लॅटिन कच्चे. गणितातही पायऱ्या न दाखविता एकदम उत्तर लिहिण्याची खोड होती. नुसते विज्ञानच शिकावयाचे असेल तर ह्या शाळेत राहून मुलगा वेळ दवडीत आहे, अशा अर्थाचा अभिप्राय मुख्याध्यापकांनी घरी कळविला होता. आम्हां शिक्षकमंडळींनी प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना हा शेरा आठवावा.

ह्या एकाकी मुलास एक मित्र मिळाला. त्याचे नाव ख्रिस्तोफर मॉरकॉम. तो वयाने थोडा मोठा, विज्ञानात हुशार, आणि अक्षराचा व्यवस्थित. दोघे ताऱ्यांविषयी व रसायनांविषयी बोलत, एकमेकांस गणिते घालीत. ख्रिस्तोफरची बरोबरी करावी म्हणून ॲलन आपले काम नीट लिहू लागला. १३ फेब्रुवारी १९३० रोजी ख्रिस्तोफर मरण पावला. लहानपणी रोगी गाईचे दूध पोटात गेल्याने त्यास क्षय झाला होता. सांगली-मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठी रुग्णालय का उभारावे लागले हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांस त्या काळी ह्या रोगाची दहशत काय होती ते सांगावयास नको. ॲलन ख्रिस्तोफरच्या आईस पुढे वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिला. देह गेल्यावर आत्मा कोठे राहतो, मन हे यंत्रावर अवलंबून आहे की त्याहून निराळे आहे, हे प्रश्न त्याला तेव्हापासून सोडीनात. आरंभी त्याने त्यांची उत्तरे श्रद्धेच्या वाटेने शोधिली. पुढे ती श्रद्धा टिकली नाही. मी ती गोष्ट झाकून ठेवीत नाही.

१९३१ साली ट्यूरिंग केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजात गेले, आणि १९३५ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तेथील फेलो निवडले गेले. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन ह्यांच्या व्याख्यानांत त्यांनी एक प्रश्न ऐकला. हिल्बर्ट ह्या जर्मन गणितज्ञाने विचारले होते की, गणितातील कोणतेही विधान पुढे ठेवले असता ते सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरविणारी एखादी निश्चित रीत असू शकेल काय? बहुतेकांनी अशी रीत शोधण्यास आरंभ केला असता. ट्यूरिंग ह्यांनी आधी असे विचारले की, रीत म्हणजे तरी काय? ते लांब पल्ला पळत असत. पळून झाल्यावर केंब्रिजजवळील ग्रँटचेस्टरच्या कुरणात पडल्या पडल्या त्यांस उत्तर सुचले, असे सांगतात.

उत्तर असे. कॉम्प्यूटर ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ त्या काळी यंत्र असा नव्हता. आकडेमोड करणाऱ्या कारकुनास तो शब्द लावीत. असा एक कारकून डोळ्यांपुढे आणा. त्याच्यापुढे मुलांच्या अंकगणिताच्या वहीप्रमाणे चौकटी आखलेली एक लांबच लांब पट्टी आहे. तो एका वेळी एकच घर पाहतो. त्यात काय आहे हे पाहून आणि आपण कामाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत हे ध्यानात ठेवून तो त्या घरात काहीतरी लिहितो किंवा खोडतो, आणि एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकतो. कितीही अवघड हिशेब असो, शेवटी तो ह्याच बारीक पावलांचा बनलेला असतो. मग ही पावले यंत्रास का करता येऊ नयेत?

उदाहरणार्थ, कोणत्याही संख्येत एक मिळविणारे यंत्र घेऊ. ते एकं स्थानाच्या घरापासून निघते. घरात ० ते ८ पैकी अंक असेल, तर त्याच्या पुढचा अंक लिहून थांबावे. ९ असेल, तर तेथे ० लिहून एक घर डावीकडे सरकावे व पुन्हा हेच करावे. घर रिकामे असेल, तर १ लिहून थांबावे. एवढ्या तीन ओळींचे हे कोष्टक १२९९ वर चालवून पाहा. दोन नवांची शून्ये होतात, दोनाचा तीन होतो, आणि १३०० हे उत्तर उभे राहते. यंत्रास संख्या म्हणजे काय हे ठाऊक नाही, हातचा म्हणजे काय हेही ठाऊक नाही. तरी उत्तर चुकत नाही.

इथवर पुष्कळांस सुचले असते. ट्यूरिंग ह्यांचे खरे पाऊल पुढचे आहे. गुऱ्हाळातील चरक उसाचा रस काढतो. त्यास ज्वारी दळावयास सांगून चालणार नाही. किर्लोस्करवाडीस तयार झालेला पंप पाणी उपसतो. तो कापड विणीत नाही. एका कामास एक यंत्र, हीच तोवर जगाची रीत होती. ट्यूरिंग म्हणाले की, ज्या तीन ओळींचे कोष्टक आपण आता पाहिले, ते कोष्टकही अक्षरांत व अंकांत लिहिता येते. म्हणजे तेही त्याच चौकटींच्या पट्टीवर मांडता येईल. मग असे एक यंत्र बनवू की, ज्याचे काम फक्त दुसऱ्या यंत्राचे कोष्टक वाचणे आणि त्यात सांगितल्याप्रमाणे करणे एवढेच. बेरजेचे कोष्टक पट्टीवर लिहा, ते बेरीज करील. गुणाकाराचे लिहा, गुणाकार करील. यंत्र तेच, पट्टी बदलली की काम बदलते. ह्यास त्यांनी सार्वत्रिक यंत्र म्हटले.

मिशनच्या जुन्या काळी परदेशी पाहुणा व्याख्यानास उभा राहिला की त्याच्या शेजारी दुभाष्या उभा राही. एक वाक्य ऐकावे, एक वाक्य सांगावे. ट्यूरिंग ह्यांचे सार्वत्रिक यंत्र हाही एक दुभाष्याच. पण तो वाक्य दुसऱ्यास सांगत नाही, ऐकतो आणि त्याप्रमाणे कृती करून मोकळा होतो. संगणकशास्त्रात इंटरप्रिटर म्हणतात तो हाच. त्याच्याकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

हिल्बर्टच्या प्रश्नाचे उत्तर ह्यातूनच निघाले, आणि ते नकारार्थी होते. आज ते पुढीलप्रमाणे समजावून देतात. काही कोष्टके काम करून थांबतात, काही कधीच थांबत नाहीत. समजा, असा एक परीक्षक आहे की, कोणतेही कोष्टक पुढे ठेविले असता ते थांबेल की अखंड चालेल हे तो बिनचूक सांगतो. आता आपण एक खोडकर कोष्टक लिहू. ते प्रथम परीक्षकास स्वतःविषयीच विचारते. परीक्षक थांबेल म्हणाला की ते मुद्दाम चालत राहते. चालत राहील म्हणाला की तत्काळ थांबते. परीक्षक काहीही म्हणो, तो खोटाच ठरतो. तेव्हा असा परीक्षक असणेच शक्य नाही. आणि जे हा परीक्षक करू शकत नाही, ते हिल्बर्टला हवी असलेली रीतही करू शकत नाही.

ट्यूरिंग ह्यांनी मे १९३६ मध्ये आपला निबंध छापावयास पाठविला. थोड्याच दिवसांपूर्वी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील अलोन्झो चर्च ह्यांनी हाच निष्कर्ष निराळ्या मार्गाने काढून प्रसिद्ध केला होता. चर्च ह्यांनी यंत्राची कल्पना केली नव्हती. त्यांनी लॅम्डा ह्या ग्रीक अक्षराने खूण करून क्रिया लिहिण्याची एक पद्धत रचिली होती. आपल्याआधी दुसऱ्याने गाठले म्हणून ट्यूरिंग खट्टू होऊन बसले नाहीत. ते चर्च ह्यांच्याचकडे शिकावयास गेले व १९३८ साली तेथे डॉक्टर ही पदवी मिळवून स्वदेशी परतले.

पुढील सहा वर्षांचा वृत्तान्त चित्रपटांमुळे वाचकांस ठाऊक असेल, म्हणून आवरता घेतो. युद्ध पुकारले गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ते ब्लेचली पार्क येथे गुप्तलिपी उलगडणाऱ्या मंडळींत रुजू झाले. एनिग्मा ह्या जर्मन यंत्राच्या लिपीचा उलगडा प्रथम पोलंडच्या तरुण गणितज्ञांनी केला होता, आणि युद्धापूर्वी आपले सर्व ज्ञान त्यांनी इंग्रजांच्या हाती दिले होते. हे श्रेय पुष्कळदा विसरले जाते. ट्यूरिंग ह्यांनी त्यावर नवी रचना करून बॉम्ब नावाचे विद्युत्‌यंत्र योजिले. त्यातील पहिले मार्च १९४० मध्ये चालू झाले, आणि युद्ध संपेतो अशी दोनशेंहून अधिक यंत्रे तयार झाली. जर्मन आरमाराची लिपी सर्वांत बिकट होती. ती हाती घ्यावयास दुसरे कोणी धजत नव्हते, म्हणून त्यांनी घेतली. ती फुटल्यावर अटलांटिक महासागरातून धान्य व सामान आणणाऱ्या जहाजांस पाणबुड्यांची वाट चुकविता येऊ लागली.

तेथील लोकांस त्यांच्या तऱ्हा मोठ्या गमतीच्या वाटत. आपला चहाचा पेला चोरीस जाऊ नये म्हणून ते तो साखळीने बांधून ठेवीत. फुलांच्या परागांनी शिंका येतात म्हणून विषारी वायूचा मुखवटा घालून सायकलवरून जात. सायकलची साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर निसटे. ते फेऱ्या मोजीत आणि नेमक्या क्षणी उतरून ती सावरीत. साखळी दुरुस्त का करून घेतली नाही, असे माझ्या विद्यार्थ्यांनी विचारले. मला वाटते, त्यांस मोजण्यातच अधिक सुख होते.

युद्ध संपल्यावर सार्वत्रिक यंत्र कागदावरून लोखंडात उतरविण्याची वेळ आली. १९४५ साली ते राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत दाखल झाले आणि थोड्याच महिन्यांत एका विद्युत्‌संगणकाचा तपशीलवार आराखडा त्यांनी लिहून दिला. बांधणी फार रेंगाळली. कंटाळून ते १९४८ साली मँचेस्टर विद्यापीठात गेले. तेथे त्याच वर्षी २१ जून रोजी, आज्ञावली स्वतःच्याच स्मृतीत साठविणारा एक छोटा संगणक प्रथम चालला होता. मधल्या काळात त्यांचे धावणे चालूच होते. १९४७ साली त्यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत पुरी केली.

ह्याच सुमारास त्यांनी आपल्या एका मित्राच्या साहाय्याने बुद्धिबळ खेळण्याची नियमावली रचिली. सांगलीच्या वाचकांस बुद्धिबळाचे महत्त्व काय सांगावे! पण ती नियमावली चालवू शकेल असा संगणकच जगात नव्हता. तेव्हा १९५२ साली ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाले. समोर एक सहकारी खेळावयास बसला. ट्यूरिंग कागदावरचे नियम पाहत, त्याप्रमाणे आकडेमोड करीत, आणि जी खेळी निघेल तीच, आपणांस पटो वा न पटो, खेळत. एका खेळीस सुमारे अर्धा तास लागे. एकोणतिसाव्या खेळीअखेर डाव कागदी यंत्राच्या अंगावर आला. स्वतःची बुद्धी बाजूस ठेवून लिहिलेले जसेच्या तसे करणे किती अवघड आहे, हे ज्याने करून पाहिले असेल त्यासच कळेल.

१९५० साली त्यांनी यंत्रास विचार करता येईल काय ह्या प्रश्नावर निबंध लिहिला, आणि विचार म्हणजे काय ह्याचा काथ्याकूट न करता, पडद्याआडून उत्तरे देणारे यंत्र आहे की मनुष्य हे ओळखता येते काय, अशी कसोटी सुचविली. १९५१ साली रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले.

आता जे लिहावयाचे आहे ते शाळेच्या अंकात लिहावे की नाही ह्याचा मी पुष्कळ विचार केला. ते गाळले तर चरित्र खोटे होते. ट्यूरिंग ह्यांचे प्रेम पुरुषांवर जडत असे. इंग्लंडात १८८५ च्या कायद्याने तो गुन्हा होता. १९५२ च्या जानेवारीत त्यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी स्वतः होऊन पोलिसांत वर्दी दिली, आणि तपासात विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे दिली. चोर बाजूस राहिला व फिर्यादीच आरोपी झाला. ३१ मार्च १९५२ रोजी न्यायालयाने त्यांस दोषी ठरविले. तुरुंग टाळावयाचा तर एक वर्षभर शरीरातील प्रवृत्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतील, अशी अट होती. त्यांनी औषधे पत्करली. गुप्तलिपीच्या सरकारी कामातून त्यांस दूर करण्यात आले. ७ जून १९५४ रोजी, बेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास सोळा दिवस उरले असता, विल्म्स्लो येथील राहत्या घरी सायनाइड विषाने त्यांचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी घरकाम करणारीस ते मृत आढळले. चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. आईने तो कधी मानला नाही. घरी चाललेल्या रसायनांच्या प्रयोगात निष्काळजीपणाने विष पोटात गेले असावे, असे तिचे मत होते.

१९५९ साली ह्या मातेने आपल्या मुलाचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. युद्धातील त्याचे काम काय होते हे त्यात लिहिता आले नाही. ते गुपित १९७० नंतरच्या दशकात हळूहळू फुटले. तिकडील तो कायदा इंग्लंडात १९६७ साली सैल झाला. तशाच प्रकारचे कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात आपल्याकडेही घातले होते. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ साली ट्यूरिंग ह्यांच्या छळाबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि २०१३ च्या डिसेंबरात राणीने त्यांस माफी दिली. ज्याने गुन्हा केला नाही त्यास माफी कसली, असे मला वाटते. २०२१ साली त्यांचे चित्र तेथील पन्नास पौंडांच्या नोटेवर आले. नोटेवर १९३६ च्या निबंधातील एक कोष्टकही छापले आहे.

आता त्या दुभाष्याकडे वळू. ट्यूरिंग ह्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९५८ साली, अमेरिकेत जॉन मॅकार्थी ह्यांनी लिस्प नावाची संगणकभाषा रचावयास घेतली. तिच्यात चर्च ह्यांचा लॅम्डा हा शब्द जसाच्या तसा आला. ट्यूरिंग ह्यांच्या सार्वत्रिक यंत्राचे कोष्टक लांब व किचकट होते. आपल्या भाषेत तीच गोष्ट किती थोडक्यात लिहिता येते हे दाखवावे, म्हणून मॅकार्थी ह्यांनी लिस्पचा अर्थ लावणारी क्रिया लिस्पमध्येच लिहिली. ती केवळ कागदावर वाचण्यासाठी होती. स्टीव्ह रसेल नावाच्या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने ती उचलली आणि यंत्राच्या भाषेत हाताने उतरवून आयबीएम ७०४ ह्या संगणकावर चालवून दाखविली. सिद्धान्तासाठी लिहिलेले चालविता कसे येईल, ही मॅकार्थी ह्यांची शंका चालवून दाखविण्यानेच मिटली. १९६० साली हे सर्व प्रसिद्ध झाले.

ही भाषा आमच्या नववीच्या वर्गास मी मराठीतच शिकवितो. तिचे व्याकरण एका कंसाएवढे आहे. कंसातील पहिला शब्द कृती सांगतो, उरलेले शब्द ती कृती कशावर करावयाची ते सांगतात. (अधिक २ ३) म्हणजे ५. कंसात कंस येऊ शकतो: (अधिक २ (गुणिले ३ ४)) म्हणजे १४. त्याचा अर्थ लावणारा दुभाष्या असा वागतो. समोर संख्या आली, तर तीच उत्तर म्हणून द्यावी. नाव आले, तर नावांच्या यादीत पाहून त्याची किंमत द्यावी. कंस आला, तर आतील प्रत्येक वस्तूची किंमत ह्याच नियमाने काढावी, आणि मग पहिल्या शब्दाची कृती करावी. नियम स्वतःलाच हाक मारतो, हे येथील मर्म. ह्याखेरीज अट पाहण्यासाठी जर, यादीत नवे नाव घालण्यासाठी ठरव, आणि नवी कृती बांधण्यासाठी लॅम्डा, असे तीन अपवाद लागतात. त्यांत आतील सर्व वस्तूंची किंमत आधीच काढून चालत नाही. जर आला, तर अट खरी ठरल्यास पहिला भाग पाहावा, एरव्ही दुसरा.

आधी वर्गात हे चिठ्ठ्यांवर केले. एका मुलास बाहेरचा कंस लिहिलेली चिठ्ठी दिली. आतला कंस दिसताच त्याने तो नव्या चिठ्ठीवर उतरवून शेजाऱ्यास दिला, आणि उत्तर परत येईतो हात बांधून बसला. मग संगणककक्षात हाच दुभाष्या पायथन भाषेत लिहिला. टंकलेल्या ओळीचे शब्द व कंस सुटे करणे, त्यांची याद्यांमध्ये यादी बांधणे, किंमत काढणे, आणि उत्तर छापणे, एवढेच चार भाग. सगळे मिळून वहीच्या दोन-तीन पानांत मावतात. पहिल्या प्रयत्नात सर्वांचेच कंस मोजण्यात चुकले. शेतकऱ्यांची मुले असल्याने त्यांनी प्रथम बांधलेली कृती गुंठ्यांचे एकर करण्याची निघाली: (ठरव एकर (लॅम्डा (गुंठे) (भागिले गुंठे ४०))). मग (एकर १००) लिहिताच पडद्यावर २.५ उमटले. गुंठे हे नाव कृती चालू असेपर्यंतच यादीत राहते व नंतर पुसले जाते, हे पाहून एका मुलीने तेच नाव दुसऱ्या कृतीत वापरून खात्री करून घेतली.

एक चूक माझी झाली, ती सांगतो. एकापासून दिलेल्या संख्येपर्यंतचा गुणाकार करणारी कृती मी चिठ्ठ्यांच्या तासाला फळ्यावर लिहिली: संख्येस, तिच्याहून एकाने लहान संख्येच्या ह्याच गुणाकाराने गुणावे. संख्या १ असेल तर उत्तर १ द्यावे, ही जर-ची ओळ लिहावयाची राहिली. पहिल्या बाकावर ५ ची चिठ्ठी गेली. त्याने ४ ची मागे दिली, मग ३, २, १. मला वाटले, आता उत्तरे परत येऊ लागतील. तो ० ची चिठ्ठी पुढे गेली, मग उणे १, उणे २. शेवटच्या बाकावरील मुलाने ती खिडकीकडील रांगेत दिली. सारा वर्ग हात बांधून दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसला, आणि चिठ्ठ्या लिहिल्या जातच राहिल्या. उणे एकोणतिसावर घंटा झाली.

चिठ्ठ्या गोळा करताना एका मुलाने विचारले की, कृती थांबणार नाही हे दुभाष्याने आधीच पाहून का सांगू नये. तसा एक नियम त्याच्यात घालून ठेवू या. ह्या एका कृतीपुरते सांगता येईल, असे मी म्हणालो. पण कोणतीही कृती आली तरी सांगणारा नियम घालता येत नाही. त्यास ते पटले नाही. घरी बसून तसा नियम लिहून आणतो, असे सांगून तो गेला. दोन दिवसांनी त्याने दोन पाने भरून आणली. मी त्यावर खोडकर कोष्टक लिहून दिले, आणि ते घेऊन तो पुन्हा बाकावर बसला.